दोघांत बहुमत नसतं
(रेडिओवरील भाषण)



भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीपासून दक्षिणेला भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यामाथ्याने जाणारी एक चाल आहे. डोंगरात फिरणारी मंडळी अशा चालीला ‘रेंज ट्रेक’ म्हणतात. एक किल्ला चढायचा, उतरायचा आणि संध्याकाळची गाडी पकडायची, असं यात नसतं. एका डोंगरावरून उतरायचं ते दुसऱ्याच्या पायथ्याशी, आणि सगळा संसार पाठीवर. रतनगड, कात्राबाईची खिंड, हरिश्चंद्रगड, नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे आणि शेवटी भीमाशंकर. पन्नाशी ओलांडल्यावर एका डिसेंबरात मी आणि माझा नवरा, असे दोघंच ही वाट चाललो.

चालताना उजव्या हाताला कोकणात कोसळणारे कडे असतात आणि डाव्या हाताला देश. कड्याच्या काठावरून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर. तरी डावीकडे पडलेला पावसाचा थेंब जातो पार बंगालच्या उपसागरात. रतनगडाच्या कुशीत प्रवरा निघते, हरिश्चंद्रगडाचं पाणी मुळेला मिळतं, आणि या दोघी पुढे गोदावरीला जातात. हरिश्चंद्रगडाची रांग ओलांडली की पाण्याचं खोरंच बदलतं. नाणेघाटाजवळची कुकडी, आहुप्याकडची घोड आणि भीमाशंकरची भीमा, या साऱ्या कृष्णेच्या घरच्या. म्हणजे आपण नद्यांच्या उगमावरून चालत असतो, आणि गंमत अशी, की प्यायला पाणी नसतं! बेसाल्टचा हा कातळ पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस झेलतो, पण धरून फार थोडा ठेवतो. दिवाळी सरली की ओढे आटायला लागतात. मग भरवसा जुन्या लोकांनी कातळात खोदलेल्या टाक्यांचा आणि वाडीवरच्या विहिरींचा.

म्हणून या चालीत पहिला प्रश्न येतो वजनाचा. एक लीटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात सूट नाही. दोघांनी जायचा फायदा असा, की तंबू एक, स्टोव्ह एक, पातेलं एक. एकट्याला हे सगळं एकट्याने वाहावं लागतं. आमची वाटणी ठरली: तंबू आणि दोर नवऱ्याकडे, शिधा माझ्याकडे. ऐकायला न्याय्य वाटतं. पण शिधा रोज खाल्ला जातो, तंबू कोणी खात नाही. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत पोहोचेपर्यंत माझी सॅक चांगलीच हलकी झाली होती. ती उचलून बघत नवरा म्हणाला, “अगं, हा हिशेब तुला निघतानाच माहीत होता ना?” मी नुसती हसले, आणि तिथून पुढे पाण्याच्या जास्तीच्या बाटल्या माझ्याकडे आल्या.

त्याआधीचा कात्राबाईचा उतार मात्र हसण्यासारखा नव्हता. रतनगडाकडून खिंडीपर्यंत दाट जंगल आहे, सावली आहे. खिंड ओलांडली की कुमशेतच्या बाजूला वाट खाली जाते ती घसाऱ्यावरून. सुटी माती, सुटे दगड आणि धरायला वाळकं गवत. इथे दोघांनी एकमेकांच्या डोक्यावर चालायचं नसतं. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला तर तो खालच्याकडेच जातो. म्हणून एकाने उतरून बाजूला आडोशाला उभं राहायचं, हाक द्यायची, मग दुसऱ्याने निघायचं. वेळ दुप्पट लागतो. त्या उतारावर आम्ही “ये” आणि “थांब” याशिवाय काही बोललो असू असं मला वाटत नाही.

कुमशेतमध्ये एका घराच्या ओसरीवर मुक्काम केला. हा मुलूख महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा. नागलीची भाकरी, भात, हुलग्याचं कालवण. जेवण झाल्यावर घरच्या आजींनी आमची चौकशी केली. पोरं कुठे असतात, पायी का फिरता, गाडी नाही का. मग म्हणाल्या, “दोघंच? मग भांडण झालं तर मधी कोन पडनार?”

त्या सहज बोलल्या, पण बोट बरोबर दुखऱ्या जागी ठेवलं. मोठ्या गटात म्होरक्या असतो, तो सांगेल तसं होतं. तिघं असले तरी दोन विरुद्ध एक होतं आणि वाद मिटतो. दोघांत बहुमत नसतं. एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो, आणि सूर्य खाली जात राहतो. शिवाय दोघांतल्या एकाचा पाय मुरगळला, तर दुसऱ्याने काय करायचं? त्याला तिथेच सोडून मदत आणायला जायचं, की सोबत बसून राहायचं? दोन्ही वाईटच. म्हणून आम्ही निघतानाच एक करार केला होता. दोघांपैकी कुणीही “मागे फिरू या” म्हटलं, तर तोच निर्णय. कारण विचारायचं नाही, पटवायचा प्रयत्न करायचा नाही, आणि नंतर टोमणा मारायचा नाही. पुढे जायला दोन मतं लागतील, मागे यायला एक पुरेल.

हरिश्चंद्रगडाविषयी फार सांगत नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. हरिश्चंद्रेश्वराचं कोरीव दगडी देऊळ, केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं असलेलं शिवलिंग, १४२९ मीटर उंचीचं तारामती शिखर, आणि आत वळलेला तो कोकणकडा. शनिवार-रविवारी तिथे तंबूंची वस्ती होते. तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरलो आणि कल्याणहून माळशेज घाट चढून येणारा महामार्ग ओलांडला, तेव्हा मागे-पुढे पुन्हा दोघंच होतो.

नाणेघाटात थांबलो ते नागनिका राणीसाठी. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे जाणारा माल याच घाटाने चढायचा. घाटाच्या तोंडाशी जी गुहा आहे, तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सगळ्याचा आकड्यांसकट तपशील. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, काहींच्या पावलांच्या खुणा राहिल्या, आणि वर कोरलेली नावं राहिली. त्यात एका ठिकाणी राणी आणि राजा सातकर्णी यांची नावं एकत्र आहेत. राणीचं आधी, राजाचं नंतर. मी नवऱ्याला ते दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, “लेख तिनेच कोरून घेतलाय ना, मग!”

आमच्या कराराची परीक्षा झाली ती ढाकोबा आणि दुर्गच्या मधे. त्या पठारांवर कारवीचं रान आहे, पुरुषभर उंच, आणि त्यात गुरांच्या वाटांचं जाळं. गुरं चरायला जातात, आपल्याला जायचंय तिकडे जातात असं नाही. दुपार कलली होती. वाट एका दांडावर दुभंगली. नवऱ्याचं म्हणणं, उजवीकडची आपली, कडा जवळ दिसतोय, तासाभरात दुर्गवाडी. मला ती वाट पटेना. पाणी दोघांत मिळून लीटरभर उरलं होतं. मी म्हटलं, “मागे फिरू या.” तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग सॅकचा पट्टा आवळला आणि वळला.

अंधार पडता पडता मागच्या वाडीत आलो. सकाळी तिथल्या एका मामांना वाटाड्या म्हणून सोबत घेतलं. त्यांनी नेलं ते बरोबर त्याच दांडावर आणि वळले उजवीकडे. नवऱ्याचीच वाट बरोबर होती! अर्धा दिवस माझ्या मतापायी गेला. त्याने टोमणा मारला नाही, फक्त मामांना जरा मोठ्याने विचारलं, “हीच का हो वाट?” तेवढी मुभा करारात होती असं मी धरते.

पण मला आजही वाटतं, की तिथून फिरणं योग्यच होतं. वाट बरोबर निघाली हे सकाळी कळलं, वाटाड्या सोबत असताना आणि पाणी भरलेलं असताना. संध्याकाळी आमच्या हातात होतं ते लीटरभर पाणी, तासभर उजेड आणि एकाची शंका. निर्णय जेवढं हातात असतं तेवढ्यावरच घ्यावा लागतो. आणि जो घाबरलाय त्याला पुढे ओढून नेलं, तर त्याचं पाऊल डळमळतं. कड्याच्या काठावर डळमळतं पाऊल दोघांनाही महागात पडतं.

आहुप्याला लोक हिरड्याच्या गोष्टी सांगत होते. बाळहिरडा गोळा करून विकणं हे या भागातल्या आदिवासी घरांचं रोख पैशाचं एक मुख्य साधन. तिथली देवराई अजून दाट आहे. पुढे कोंढवळवरून भीमाशंकरच्या अभयारण्यात शिरलो, तेव्हा फांदीवरून शेकरू पळताना दिसलं. तांबूस पाठीची ही मोठी खार आपल्या राज्याचा प्राणी आहे. तासाभरात देवळाच्या बाजारातले स्पीकर ऐकू आले, आणि एसटीच्या थांब्यावर आम्ही रांगेत उभे राहिलो.

तुमच्यापैकी कुणा जोडप्याला जावंसं वाटलं, तर डिसेंबर-जानेवारीत जा. पुढे टाकी आटतात आणि वणवे लागतात. आधी राजगड–तोरणा अशी लहान चाल करून पाहा. रात्रीचा मुक्काम कुठे आहे ते घरी आणि मागच्या गावात सांगून निघा. कारवीच्या रानात वाटाड्या घ्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. मागे फिरण्याचा करार घरीच करा, डोंगरात तो होत नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी एकमेकांची सॅक पाठीवर घेऊन इमारतीचा जिना एकदा चढून उतरा. कुणाच्या सॅकमधून काय काढायचं, ते मग सांगावं लागत नाही.