दुरुस्तीनंतरही ट्रॅक्टर तापतो? आधी कारण शोधा, मग भाग बदला

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाफसा आलेला असतो, पेरणीची घाई असते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर तापायला लागतो. मिस्त्री येतो, रेडिएटर धुतो. दोन दिवसांनी पुन्हा पाणी उकळतं. मग थर्मोस्टॅट बदलतात, मग हेड गॅस्केट. खिसा रिकामा होतो, पण काटा पुन्हा लाल पट्ट्यात जातोच. असं का होतं? कारण न शोधता आपण भाग बदलत जातो म्हणून. तेव्हा तापणाऱ्या इंजिनाची नाडी कशी पाहायची, ते आज बघू.

त्याआधी एक ताकीद. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी आणि वाफ एकदम उसळते आणि तोंड, हात भाजतात. काटा चढला तर औजार उचला, भार काढा, इंजिन दोन-चार मिनिटं हळू चालू द्या आणि मग बंद करा. पाणी उकळून बाहेर पडत असेल तर मात्र लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

आता पहिला प्रश्न मिस्त्रीला नव्हे, स्वतःला विचारा : ट्रॅक्टर तापतो कधी? सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांत, नुसता उभा असतानाही तापतो, की तासभर नांगर-रोटाव्हेटर ओढल्यावर तापतो? या एका उत्तरावर निम्मा शोध लागतो.

लगेच तापत असेल तर

१. दुरुस्तीनंतर पाणी भरताना इंजिनात हवा अडकली असेल. मोटारपंप एअर धरतो, तसंच हे. थंड इंजिनात सावकाश पाणी भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन हळू चालवा आणि पातळी खाली जाईल तसं पाणी घाला. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून हवा काढा. पाणी गरम व्हायच्या आत झाकण लावा.

२. थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा उलटा बसवला असेल. तो काढून दोरीनं पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. त्याच्यावर ८२ असा आकडा असेल तर त्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. पाणी उकळलं तरी मिटलेलाच असेल तर बाद समजा. पण थर्मोस्टॅट काढून ट्रॅक्टर तसाच चालवू नका. काही इंजिनांत त्यामुळे पाणी रेडिएटरमध्ये न जाता आतल्या आत फिरतं आणि ताप उलट वाढतो.

३. हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात येत असेल. थंड इंजिनाचं झाकण काढा, पाणी काठोकाठ भरा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण बुडबुडे थांबतच नसतील, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढत असतील, तर दोष तिथंच. ऑइल दुधाळ दिसणं, गळती नसताना पाणी कमी होणं, याही खुणा त्याच्याच.

गॅस्केट नुकतंच बदललं असूनही असं होत असेल, तर हेड वाकलं आहे का हे विचारा. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून ते पाहता येतं. वाकलेल्या हेडवर नवं गॅस्केट टिकत नाही, आधी फेसिंग करावं लागतं. बोल्ट ठरलेल्या क्रमानं, सहसा मधून बाहेर, टॉर्क पान्यानं आवळलेत ना, तेही विचारा.

कामावर असताना तापत असेल तर

१. रेडिएटरच्या जाळीत भुसा, धूळ बसते. मळणीच्या दिवसांत रोज पाहा. हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूनं पुढे मारा आणि जोर बेताचा ठेवा, नाहीतर पात्या वाकतात.

२. फॅन बेल्ट ढिला आहे का? इंजिन बंद करून दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबा. किती दबावा ते पुस्तिकेत दिलेलं असतं. दुरुस्तीत पंखा उलटा बसला नाही ना, तेही पाहा.

३. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग पाहा. पाण्यावर अर्धा किलोचा दाब टिकला तर ते सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण ढिलं असेल तर ते १०० अंशांच्या आसपासच उकळतं.

४. खालचा होज पाईप. एका गावात रेडिएटर, थर्मोस्टॅट, गॅस्केट असा तीनदा खर्च झाला, तरी ट्रॅक्टर तापायचा. शेवटी इंजिनाचा वेग वाढवून लांबून नजर ठेवली, तर खालचा पाईप ओढीनं चपटा होत होता. म्हणजे पाण्याची वाटच बंद! तो एक पाईप बदलला आणि ट्रॅक्टर गार झाला. ही पाहणी करताना उपरणं, पदर पंख्यापासून लांब ठेवा.

५. रेडिएटर आतून चोंदला असेल. गरम इंजिन बंद करा, पंखा थांबू द्या आणि रेडिएटरजवळ तळहात नेऊन फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

हा चोंदा येतो कुठून? आपल्याच विहिरीतून. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी असो की कुठल्याही बोअरचं जड पाणी, क्षार नळ्यांत थर धरतात. म्हणून पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरा. अडचणीत साधं पाणी घातलंत तर काम झाल्यावर ते बदला.

एवढं पाहूनही ताप उतरला नाही, तर वॉटर पंपाचा पंखा, डिझेल पंपाचं टायमिंग आणि अडकलेले ब्रेक मिस्त्रीकडून तपासून घ्या. आधी काट्याचा सेन्सरही पाहा. कधी इंजिन गार असतं आणि काटाच खोटं बोलतो.

शेवटचं सांगतो. एका वेळी एकच भाग बदला, ट्रॅक्टर चालवून पाहा आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा. आणि काटा लालवर असताना "एवढं एक वावर उरकू" असं म्हणू नका. त्या एका वावरापायी इंजिन सीझ झालं, तर सबंध हंगाम हातचा जाईल.