लेक माहेरी आली, तिचं कार्ड आलं का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आपल्या खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात लेक येते, कोणी सुरतहून, कोणी नाशिकहून. साड्या येतात, खाऊ येतो, कागद सासरीच राहतात. विचारलं तर आजी म्हणते, "कागद कोन देखस माय?" आजी, दवाखान्यात आधी कागदच बघतात.

गरोदर बाईची सगळी तपासणी एका ठिकाणी होत नाही. गावात आशाताई नाव नोंदवते. उपकेंद्रात सिस्टर वजन, बीपी, रक्त बघते. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर तपासतात. जोखीम दिसली तर चोपडा किंवा शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय, त्याच्याही पुढे जळगाव-धुळ्याचं मेडिकल कॉलेज. शिवाय बऱ्याच जणी खाजगी डॉक्टरकडेही जातात. या सगळ्यांना एकमेकांचं काम कळतं ते माता बाल संरक्षण कार्डावरून.

समजा, लेकीचा रक्तगट निगेटिव्ह आहे आणि जावयाचा पॉझिटिव्ह. तिला साधारण 28 व्या आठवड्यात एक इंजेक्शन लागतं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा लागतं. ते चुकलं तर पुढच्या बाळाला धोका. सासरच्या डॉक्टरला हे माहीत आहे, पण इथल्या सिस्टरला कोण सांगणार? आधीचं सिझर, 140/90 च्या वर गेलेला बीपी, 7 च्या खाली आलेलं हिमोग्लोबिन, यांचंही तसंच.

म्हणून एवढं करा. 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवा, किमान चार तपासण्या करा. खाजगी डॉक्टर असला तरी कार्ड काढाच. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट त्यातच ठेवा. माहेरी आल्यावर त्याच आठवड्यात आशाताईला दाखवा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. 2016 पासून हे चालू आहे, चौथ्या महिन्यापासून जाता येतं. कार्डावर लाल स्टिकर लागलं तर घाबरू नका, लपवू तर मुळीच नका. ते बघून पुढचा डॉक्टर लगेच सावध होतो.

खर्चाची काळजीही नको. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि जेवण मोफत आहे. जायला-यायला गाडीही आहे. 102 आणि 108 हे नंबर पाठ करा. त्यासाठी गटातून कर्ज काढायची वेळ येऊ नये.

शेवटचं एक सांगते. सभेत आपण हप्ता कोणाचा राहिला ते विचारतो ना? त्याच्या जोडीला आजपासून हेही विचारायचं: गावात कोणाची लेक आली, आणि तिचं कार्ड कोणी बघितलं?