मातीच्या किटलीवर कोरलेली कविता

गटाच्या बैठकीत हमखास निघणारा विषय म्हणजे नक्कल. आपण एखादी वस्तू बाजारात आणावी, आणि महिन्याभरात तशीच दुसऱ्या कुणाच्या टेबलावर दिसावी! आज आम्ही जिच्याविषयी बोलणार आहोत, त्या बाईच्या मालाचीही भरपूर नक्कल झाली.

तिचं नाव ओतागाकी रेंगेत्सू. जपानमधल्या क्योतो शहरात १७९१ साली जन्मली. दोनदा लग्न झालं, पण मुलं लहानपणीच गेली आणि १८२३ मध्ये दुसरा नवराही वारला. तेव्हा केस उतरवून ती बौद्ध भिक्षुणी झाली. रेंगेत्सू हे तिचं भिक्षुणीचं नाव; त्यात कमळ आणि चंद्र असे दोन शब्द आहेत. दत्तक वडिलांचा आधार होता, तेही १८३२ मध्ये गेले. आता पोट कसं भरायचं?

चाळिशी ओलांडलेल्या या बाईने माती हातात घेतली. त्या काळी क्योतोत पानांचा चहा गरम पाण्यात मुरवून पिण्याची आवड वाढली होती. त्यासाठी ती छोट्या किटल्या आणि कप हातानेच वळायची. भांडी ओबडधोबडच, बोटांचे ठसेही दिसायचे. पण ओल्या मातीवर ती टोकदार काडीने स्वतःची कविता कोरायची. एकतीस अक्षरांची ही जपानी कविता, वाका म्हणतात तिला. अक्षर बारीक, नाजूक, वाहतं. भांडं भाजलं की कविता कायमची! चहा ओतताना माणूस किटली हातात फिरवणार आणि ओळी वाचणार.

लोक त्या अक्षरासाठी यायचे. इतके, की गर्दीला कंटाळून ती सारखी घरं बदलायची. तिला चिडवायचं नावसुद्धा त्यावरूनच पडलं होतं. पुढे मोठा चित्रकार झालेला तोमिओका तेस्साई तरुणपणी तिच्या मदतीला राहिला होता.

मग इतर कुंभार तिच्यासारखी भांडी करू लागले. ती भांडली नाही. उलट दुसऱ्यांनी घडवलेल्या भांड्यांवरही तिने आपल्या कविता लिहून दिल्या. खरं सांगू? आम्हाला हे सगळं पटत नाही. ती एकटी होती, आपल्या गटावर दहा-बारा घरं चालतात. पण एक आहे, आकार कुणीही उचलेल. ती कविता सुचायला तीच हवी होती.

१८७५ साली क्योतोतच ती वारली. तिच्या नावाची भांडी आज संग्रहालयांत आहेत, आणि त्यातलं कुठलं तिने स्वतः वळलं, हे ओळखताना जाणकारही अडखळतात.