मनगटावरच्या बाहुल्या



हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तास भरायला काही मिनिटं उरली की इतर दालनं रिकामी होऊ लागतात आणि माणसं एका घड्याळासमोर जमतात. कलकत्त्याच्या कूक अँड केल्व्ही या पेढीचं ते घड्याळ. त्यातून एक दाढीवाला पहारेकरी बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि परत आत जातो. तिथलाच एक लोहार सेकंदासेकंदाला हातोडी मारत असतो. मराठवाड्यातून हैदराबादला जाऊन आलेल्या कितीतरी घरांत लहान मुलांना खांद्यावर बसवून तो दाढीवाला दाखवल्याची आठवण असेल.

असा पहारेकरी, असा लोहार मनगटावरच्या घड्याळात बसवायचा म्हटलं तर काय करावं लागतं, ते आज सांगायचं आहे. जागा लहान, ही अडचण कुणालाही सुचेल. त्याहून मोठी अडचण आहे ती ताकदीची.

मनगटी घड्याळाच्या पोटात एक कमान असते. चावी दिली की ती आवळते आणि पुढचा दीड-दोन दिवस सावकाश सुटत राहते. तिच्या सुटण्याला बॅलन्सचं चाक लगाम घालतं. जुन्या चावीच्या घड्याळात सेकंदाला पाच ठोके, आताच्या बऱ्याच घड्याळांत आठ. कमानीची सगळी शिल्लक या ठोक्यांसाठी राखलेली असते, आणि ती मुळातच बेताची असते. त्यातून बाहुलीचा हात हलवायला थोडी जरी ताकद काढली, तरी बॅलन्सचा झोका लहान होतो आणि वेळ चुकायला लागते. वेळ चुकवणारी बाहुली घड्याळात कोण ठेवून घेणार?

स्वस्तातला एक उपाय होता. बॅलन्सच्या ठोक्याबरोबर जो भाग तसाही इकडून तिकडे हलतच असतो, त्यालाच हलकीशी आकृती चिकटवायची. अमेरिकेत मुलांसाठी अशी घड्याळं निघाली. सिनेमातला गाणारा काउबॉय जीन ऑट्री याच्या नावाचं १९५१चं घड्याळ होतं. त्यात तबकडीवरचं पिस्तूल टिकटिकीबरोबर वरखाली होत राही. मुलांना मजा वाटलीच असणार. पण मिनिटभर बघितलं की डोळा कंटाळतो, कारण ती हालचाल घड्याळाइतकीच एकसारखी आहे. जिवंत प्राणी असा हलत नाही. तो थांबतो, घुटमळतो, मान अर्धी वळवून परत आणतो. घड्याळाला हवी असते समान चाल, आणि बाहुलीत जीव वाटायचा तर चाल विषम हवी. एकमेकींच्या उलट स्वभावाच्या या दोन चाली एकाच डबीत, एकमेकींना धक्का न लावता नांदवायच्या, हे या कलेचं खरं अवघडपण आहे. माझ्या मते तिचं मोठेपणही त्यातच आहे.

विषम चाल धातूत कशी आणायची, हे अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगरांतल्या एका घराण्यानं दाखवून दिलं. पिएर जाके-द्रो, त्यांचा मुलगा आंरी-लुई आणि त्यांच्याबरोबर काम करणारे ज्याँ-फ्रेदेरिक लेशो. ला शो-द-फों या गावात त्यांनी १७६८ ते १७७४ या काळात तीन बाहुल्या तयार केल्या: एक लिहिणारा मुलगा, एक चित्रं काढणारा मुलगा आणि एक वाद्य वाजवणारी तरुणी. लिहिणाऱ्या मुलाच्या अंगात सुमारे सहा हजार भाग आहेत. तो चाळीस अक्षरांपर्यंतचा कुठलाही मजकूर लिहितो. मजकूर बदलायचा असेल तर त्याच्या पाठीतल्या चाकावरची मांडणी बदलायची. तो पिसाची लेखणी दौतीत बुडवतो आणि कागदावर डाग पडू नये म्हणून आधी झटकतो. लिहिताना त्याचे डोळे अक्षरांमागून फिरतात. चित्रकार मुलगा मधूनच कागदावर फुंकर मारून धूळ उडवतो. वाजवणाऱ्या तरुणीची छाती श्वासानं वरखाली होते.

लेखणी झटकणं, फुंकर मारणं, श्वास घेणं. लिहायला, चित्र काढायला किंवा वाजवायला यातलं काहीच लागत नाही. तरी या तिघा कारागिरांनी त्यासाठी वेगळे भाग घडवले, आणि बघणारा विरघळतो तो नेमका तिथे.

हे घडतं कसं, ते जरा जवळून पाहू. पितळेची एक चकती घ्या. तिची कड गोल न ठेवता कुठे फुगवलेली, कुठे खचवलेली आहे. या चकतीला कॅम म्हणतात. कडेला टेकून एक दांडी उभी असते. चकती फिरते तशी दांडी कडेवरून सरकते. कड फुगली की वर, खचली की खाली. दांडीचं दुसरं टोक बाहुलीच्या हातापर्यंत गेलेलं असतं. म्हणजे हाताची सगळी हालचाल त्या कडेत आधीच कोरून ठेवलेली असते. बाहुलीला थांबवायचं असेल तर कड तेवढ्या भागात नेमकी गोल ठेवायची. चकती फिरत राहते, हात मात्र जागेवर. किती वेळ थांबवायचं ते त्या गोल तुकड्याच्या लांबीवर. एका हाताला तीन चकत्या दिल्या, तर एकीनं तो डावी-उजवीकडे जातो, दुसरीनं पुढे-मागे, तिसरीनं वर-खाली. ही कड कारागीर हातात कानस घेऊन घासतो, लावून बघतो, काढतो, पुन्हा घासतो. केसाच्या जाडीइतकं पितळ जास्त गेलं की बाहुलीचा हात दचकतो. मग ती चकती टाकून नवीन घ्यायची.

या तिन्ही बाहुल्यांनी युरोपभर गर्दी खेचली. जाके-द्रो घराण्याचा त्यामागचा हेतू सरळ होता: बाहुल्या दाखवायच्या आणि घड्याळं विकायची.

आता खिशातल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे येऊ. बाहुलीला ताकद कुठून द्यायची, हा प्रश्न तिथे अजून उभाच होता. उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आलं: अंधारातून. विजेचे दिवे यायच्या आधी मध्यरात्री जाग आली तर वेळ कळणार कशी? सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये एडवर्ड बार्लो आणि डॅनियल क्वेअर या दोघांनी, मागितलं की वेळ वाजवून सांगणारं घड्याळ काढलं. हक्कावरून दोघांचा वाद झाला आणि १६८७ मध्ये राजानं क्वेअरच्या बाजूनं निकाल दिला. या घड्याळांना रिपीटर म्हणतात.

मनगटी रिपीटरच्या कडेला एक सरकती पट्टी असते. ती सरकवताना आपल्याच बोटाच्या जोरानं आतली एक वेगळी कमान आवळली जाते. पट्टी सोडली की घड्याळ वाजू लागतं: आधी तासाचे खालच्या स्वरातले टोले, मग प्रत्येक पाव तासाला दोन स्वरांची जोडी, मग उरलेल्या मिनिटांचे वरच्या स्वरातले टोले. सगळ्यांत लांब वाजतात बारा एकोणसाठ. बारा खालचे, तीन जोड्या आणि चौदा वरचे. मुख्य कमानीच्या शिलकीला हात न लावता हे पार पडतं, कारण या खेळाची ताकद मालकाच्या बोटानं त्याच क्षणी दिलेली असते.

बाहुल्यांच्या कारागिरांना हेच हवं होतं. वाजवणाऱ्या यंत्रणेला त्यांनी आकृत्या जोडल्या. तबकडीच्या दोन बाजूंना दोन सोन्याच्या बाहुल्या, हातात हातोड्या, समोर घंटा. टोला पडला की हात हलतो. प्रत्यक्षात नाद येतो तो तबकडीखाली वळसा घालून बसवलेल्या पोलादी तारेतून. तिच्यावर आतली छोटी हातोडी पडते आणि तिच्याबरोबर बाहुलीचा हात हलतो. याला कुणी फसवणूक म्हणेल, मला ते मान्य नाही. आवाज आणि हात यांच्यात तसूभर अंतर पडू न देणं हे घंटा खरोखर वाजवण्याइतकंच कठीण आहे. एक गोष्ट मात्र मला फार विलक्षण वाटते. अंधारात वेळ कळावी म्हणून जन्मलेल्या यंत्राला माणसानं अशी गोष्ट जोडली, जी फक्त उजेडातच दिसते. रात्री एकट्यानं ऐकायचं घड्याळ संध्याकाळी चारचौघांत दाखवायचं घड्याळ झालं.

अशा खेळात एका भागाकडे कुणाचंच लक्ष जात नाही, तो म्हणजे गव्हर्नर. आवळलेली कमान मोकळी सोडली तर सगळे टोले एका दमात वाजून जातील आणि बाहुल्या झटका आल्यासारख्या थरथरतील. गरगर फिरणारा हा एवढासा भाग त्या वेगाला आवर घालतो. त्याच्यामुळे दोन टोल्यांमध्ये अवकाश राहतो आणि बाहुलीला हात मागे घ्यायला वेळ मिळतो.

क्वार्ट्झचं घड्याळ आलं तेव्हा ही सगळी विद्या संपणार असं वाटत होतं. बॅटरीवरचं स्वस्त घड्याळ चावीच्या महागड्या घड्याळाहून अचूक चालू लागलं. पण अचूकपणाची शर्यत हरल्यावर यांत्रिक घड्याळवाल्यांनी जुन्या करामतींकडे मोर्चा वळवला. १९८९ मध्ये यूलीस नार्दां या कंपनीनं टोले देणाऱ्या बाहुल्यांचं मनगटी रिपीटर घड्याळ आणलं. त्याच्या नावात व्हेनिसचा सान मार्को आहे. तिथल्या मनोऱ्यावर काशाचे दोन पुतळे पाचशे वर्षं घंटेवर टोले देत आले आहेत.

२०१२ मध्ये जाके-द्रो या नावानं आज चालणाऱ्या कंपनीनं ‘बर्ड रिपीटर’ काढलं. सत्तेचाळीस मिलिमीटरच्या घड्याळात तबकडीवर एक घरटं आणि निळ्या डोक्याच्या, चिमणीहून लहान जातीच्या पक्ष्यांची जोडी. पट्टी सरकवली की एक पक्षी वाकून पिल्लाला भरवतो, दुसरा पंख उचलतो, पंखाखालचं अंडं दिसतं आणि त्यातून पिल्लू डोकं काढतं. मागे जुरामधल्या दू नदीचा धबधबा वाहत असतो. टोले संपले की सगळं आपापल्या जागी. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘चार्मिंग बर्ड’ दाखवलं. काचेच्या घुमटाखालचा नखाएवढा पक्षी स्वतःभोवती फिरतो, चोच आणि शेपटी हलवतो आणि खरोखर गातो. जुन्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या डब्यांत शिट्टीला हवा पुरवायला भाता असे. मनगटावर भात्याला जागा कुठली? म्हणून इथे पारदर्शक नळ्यांतून दट्ट्ये सरकतात आणि हवा ढकलतात.

काही घड्याळांत बाहुली वेळेची सोबत करत नाही, ती स्वतःच वेळ होते. वान क्लीफ अँड आर्पेल्सचं २०१० सालचं पुलावरच्या प्रेमिकांचं घड्याळ या जातीचं. त्याची यंत्रणा ज्याँ-मार्क विडरेख्त यांची. पॅरिसच्या पुलावर एका बाजूनं छत्री घेतलेली ती येते, तास दाखवत. दुसऱ्या बाजूनं पाठीमागे गुलाब लपवलेला तो येतो, मिनिटं दाखवत. तो दर तासाला पुलाच्या मध्यापर्यंत पोचतो आणि ती तिथे नसते. दुपारी बारा आणि रात्री बारा, दोनच वेळा दोघं समोरासमोर येतात. आत पुन्हा तीच चकती आहे. तिची कड हळूहळू चढत जाते आणि एका जागी सह्याद्रीच्या कड्यासारखी सरळ तुटते. दांडी तिथून खाली पडली की तो पुलाच्या टोकाशी परत. मला हे घड्याळ फार आवडतं. बाहुल्या हलताना डोळ्यांना दिसतही नाहीत, तरी दिवसभर त्यांच्याविषयी ओढ वाटत राहते.

ही घड्याळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच बनतात आणि त्यांच्या किमतीत घरं येतात. म्हणून मिकी माऊसची आठवण काढायला हवी. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, अमेरिकेत इंगरसोल नावानं निघालेल्या घड्याळात मिकीचे दोन हात हेच तास आणि मिनिटांचे काटे होते. खाली सेकंदाच्या जागी छोट्या चकतीवर तीन मिकी एकामागे एक पळत. वेगळी कमान नाही, कॅम नाही. जे काटे तसेही फिरणारच होते त्यांना हातमोजे घातले. कमीत कमी साधनांत एवढा जीव ओतणाऱ्या त्या अनाम चित्रकाराला मी मोठ्या घड्याळजींच्याच ओळीत बसवेन. मिकी आता मनगटावरच्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावरही पाय आपटत वेळ सांगतो. पण तिथे थांबणं फुकट आहे. धातूत प्रत्येक थांबा कुणीतरी कानशीनं कमावलेला असतो.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सनं मिळून मांडलेली यांत्रिक घड्याळांची आणि या बाहुल्यांची कारागिरी २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. सेंत-क्रुआ या जुन्या संगीत-पेट्यांच्या गावात फ्रांस्वा जुनो यांच्यासारखे कारागीर आजही अशा बाहुल्या घडवतात.

आपल्याकडची पुष्कळ माणसं आता स्वित्झर्लंडच्या सहलीला जातात. बर्फाचे डोंगर बघून होतात, चॉकलेटं घेऊन होतात. त्यातला एक दिवस काढता आला तर बर्नहून आगगाडीनं न्यूशातेलला जा. तासभरही लागत नाही. तिथल्या कला आणि इतिहास संग्रहालयात जाके-द्रो यांची ती तिन्ही मुलं आहेत. मात्र महिन्याचा पहिला रविवार साधा, कारण त्या दिवशी त्यांना चालवून दाखवतात.