सभागृहाचे दार कोणी अडवावे?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत सोडाला येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या सोडाल्याला लागूनच सिव्हिल लाइन्समध्ये राज्यपालांचे निवासस्थान आहे. २४ जुलै २०२० रोजी त्याच्या आवारात सत्ताधारी पक्षाचेच आमदार धरणे धरून बसले. मागणी एवढीच, की विधानसभेचे अधिवेशन बोलवावे!

दिल्लीत एका पक्षाचे राज्य, जयपुरात दुसऱ्याचे. आणि राज्यपालांची नेमणूक दिल्लीहून. अधिवेशन मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार बोलवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अरुणाचल प्रकरणी स्पष्ट केले होते. राज्यपालांचे आक्षेपही अगदीच निराधार नव्हते : पहिल्या प्रस्तावात तारीख नव्हती, साथीचा काळ होता. मुख्यमंत्र्यांचा स्वतःचा पक्षही तेव्हा दुभंगलेला होता. तथापि प्रस्ताव परत येत राहिले, एकवीस दिवसांच्या पूर्वसूचनेचा वाद माजला आणि सभा भरली ती १४ ऑगस्टला.

महाराष्ट्राचा अनुभव याहून खेदजनक. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावे पाठविली. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले. तरी ना होकार, ना नकार; २०२२ मध्ये सरकार बदलले आणि यादीच मागे घेतली गेली. साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांसाठी राखलेल्या जागा रिकाम्याच राहिल्या.

हा दोष एकाच पक्षाचा नव्हे. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या केंद्र सरकारने नऊ राज्यांच्या काँग्रेसी विधानसभा विसर्जित करविल्या; १९८० मध्ये इंदिराजींच्या सरकारने त्याची परतफेड केली. राजस्थान दोन्ही वेळा त्यांत होते.

विधेयकासंबंधी घटनेत शब्द आहेत ते ‘शक्य तितक्या लवकर’. घटनाकारांनी दिवस मोजून दिले नाहीत. सत्पुरुषांच्या विवेकावर भिस्त ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ठराविक मुदत घालून देण्यास नकार दिला. मात्र विधेयक विनाकारण अनिश्चित काळ अडवून ठेवता येणार नाही, असेही बजावले. नकार मिळाला तर त्यावर वाद घालता येतो, मौनावर घालता येत नाही. आणि त्या मौनाची किंमत कोणत्याच पक्षात नसलेला नागरिक मोजतो.

आपल्या मंडळातही मतभेद झाले, कधी कडाक्याचे झाले. परंतु मतभेद आहेत म्हणून सभाच भरवू नये, असे कोणी म्हटले नाही. म्हणूनच आज हा सुवर्णमहोत्सव आपण पाहत आहोत. दाराआड काय बोलायचे ते खुशाल बोलावे. दार मात्र उघडे असावे.