कॅसेटमधले विमान



रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयाची स्थापना १८७५ सालची. तेथील सिरपूरच्या धातुमूर्तींसमोर उभे राहिले की शतकांपूर्वीचा कारागीर आजही बोलतो. मूर्ती पाहायला डोळे पुरतात. शिलालेख वाचायला लिपी यावी लागते. परंतु जगातील संग्रहालयांत आता अशीही वस्तू ठेवली जाते, जी यंत्र चालू असल्याशिवाय एक अक्षरही बोलत नाही. ती म्हणजे संगणकीय खेळाची कॅसेट.

उदाहरण ‘एव्हिएटर’चे घेऊ. जेफ क्रॅमंड यांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी रचलेला हा खेळ अ‍ॅकॉर्नसॉफ्टने १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. खेळणारा दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाचा वैमानिक होई. धावपट्टीवरून उड्डाण करायचे, पुलाखालून विमान काढायचे आणि परग्रहावरून आलेल्या शत्रूशी झुंजायचे. पडद्यावर दिसत त्या केवळ रेघा. विमान कलले की क्षितिजाची रेघ तिरकी होई. वेग फार घटला की विमान खाली कोसळे. संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, आणि त्याच्या प्रक्रियकाला गुणाकाराची आज्ञासुद्धा ठाऊक नव्हती. बेरजा आणि अंकांची सरकवासरकव यांतून गुणाकार साधावा लागे. तरीही त्यातून आकाश उभे राहिले. वर्गातील त्रिकोणमिती कशासाठी, या प्रश्नाचे याहून सुंदर उत्तर क्वचितच मिळेल.

या यंत्राशी भारतीय शाळांचेही नाते आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. पुढे १९८६ मध्ये पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटिश घरगुती संगणक परवान्याने बाजारात आणला. घरच्या टीव्हीला तो जोडता येई. म्हणजे हा इतिहास केवळ केंब्रिजचा नाही, पुण्याचा आणि भारतीय शाळांचाही आहे.

युद्धाच्या खेळाला संग्रहालयात मान कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तलवारीही संग्रहालयात असतात. जतन करणे म्हणजे पूजा करणे नव्हे. एका पिढीला संगणकाची पहिली ओढ कशातून लागली, हे कळण्यासाठी तो पुरावा हवा.

आणि हा पुरावा फार नाजूक आहे. धातूची मूर्ती हजार वर्षे जमिनीखाली राहून वर येते. चुंबकीय फीत मात्र काही दशकांतच क्षीण होते. दमट हवेत तिला बुरशी धरते. फीत वाचली, पण यंत्र मोडीत गेले, तर ती मुकीच. म्हणूनच केंब्रिज आणि ब्लेचली पार्क येथील संगणक-संग्रहालये जुने बीबीसी मायक्रो काचेआड न ठेवता चालू स्थितीत राखतात. मुले त्यांच्या कळा दाबतात.

हीरक महोत्सव म्हणजे जपलेल्या गोष्टींचा हिशेब. जुनी हजेरीपुस्तके, छायाचित्रे, ढाली यांच्याबरोबर एखाद्या माळ्यावर पिवळा पडलेला संगणक, माहितीपुस्तिका किंवा कॅसेटही असेल. भंगारवाल्याच्या तराजूवर तिचे मोल किलोवर ठरेल. शाळेच्या कपाटात तीच वस्तू उद्याच्या मुलांना सांगेल की, साध्या रेघांतूनही माणसाने आकाश उभे केले होते.