माती बसू द्यावी लागते
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राविषयी दहा मिनिटं बोल’ असं सांगितलं. संगणकाविषयी आपण सगळे रोजच ऐकतो, त्यामुळे मी आज एका इमारतीविषयी बोलणार आहे: इटलीतला पिसाचा कलता मनोरा. त्याचं चित्र आपण लहानपणापासून पाहत आलोय. तो कलला का, हे सगळेच विचारतात. मला मात्र जास्त कुतूहल आहे ते, तो अजून पडला कसा नाही याचं.

हा तिथल्या चर्चचा घंटाघर-मनोरा. काम सुरू झालं ११७३ साली. उंची सुमारे ५६ मीटर, वजन साधारण साडेचौदा हजार टन आणि पाया जेमतेम तीन मीटर खोल. आपल्या पुण्यात थोडं खणलं की काळा पाषाण लागतो. पिसाच्या खाली मात्र आधी गाळ आणि रेती, मग मऊ चिकणमातीचा जाड थर. तिसरा मजला होऊन चौथ्याला हात घातला, तेव्हा ११७८ च्या सुमारास काम थांबलं. पुढे लढाया सुरू झाल्या आणि जवळजवळ शंभर वर्षं कोणी त्याला हात लावला नाही.

याच खोळंब्याने मनोरा वाचवला. चिकणमातीवर भार आला की तिच्यातलं पाणी हळूहळू पिळून निघतं, कण जवळ येतात, माती घट्ट होते. आपण म्हणतो, ‘माती बसली’. याला वर्षानुवर्षं लागतात. काम सलग रेटलं असतं, तर त्या कच्च्या मातीने भार पेललाच नसता आणि मनोरा तेव्हाच कोसळला असता, असं स्थापत्य अभियंत्यांचं गणित सांगतं. १२७२ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, १२७८ च्या सुमारास सातव्या मजल्यापाशी परत थांबलं. पुन्हा माती बसली. मग चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर घंटांची खोली चढली.

नंतर आलेल्या गवंड्यांना कललेलंच बांधकाम मिळालं. त्यांनी वरचे मजले बांधताना कल सावरून घेतला. म्हणून मनोरा नीट पाहिला तर किंचित केळ्यासारखा वाकडा दिसतो. घंटांच्या खोलीत चढायला उत्तरेकडून चार पायऱ्या आहेत, दक्षिणेकडून सहा. मागच्यांचा कल त्या दोन पायऱ्यांत मुरवलेला आहे.

खरी पंचाईत केली ती घाईच्या दुरुस्त्यांनी. १८३८ मध्ये खांबांचे जमिनीत गेलेले तळ लोकांना दिसावेत म्हणून पायाभोवती चर खणला. त्यात भूजल आलं आणि मनोरा आणखी कलला. १९३४ मध्ये पायात ३६१ भोकं पाडून सिमेंट भरलं. मनोरा पुन्हा कलला. १९८९ मध्ये इटलीतल्याच पाविया शहरातला एक जुना मनोरा अचानक कोसळून चार माणसं गेली आणि सगळ्यांचे धाबे दणाणले. जानेवारी १९९० मध्ये पिसाचा मनोरा बंद केला. तेव्हा कल साडेपाच अंश होता.

पुढची अकरा वर्षं एक समिती त्यावर काम करत होती. आधी उत्तरेकडच्या, म्हणजे उचललेल्या बाजूच्या पायावर ६०० टन शिसं ठेवलं. ते दिसायला कुरूप, पण कल थांबला. १९९५ मध्ये जमीन गोठवून काम करायला गेले, तर मनोरा रातोरात हलायला लागला. त्यांनी ते काम तिथेच सोडलं आणि शिसं वाढवलं. अखेर उपाय सापडला तो साधा. झुकलेल्या बाजूला टेकू द्यायचा नाही; उचललेल्या बाजूखालची माती तिरप्या नळ्यांनी थोडी थोडी काढायची. रोज मोजायचं, मग पुढची माती काढायची. एकूण ३८ घनमीटर माती निघाली. आपल्या बांधकामवाल्यांच्या हिशेबात साधारण तेरा ब्रास! तेवढ्याने मनोरा अर्धा अंश मागे आला. पूर्ण सरळ करायचा कोणाचाच विचार नव्हता. डिसेंबर २००१ मध्ये तो लोकांसाठी उघडला.

माझ्या रोजच्या कामाशी याचा फार जवळचा संबंध आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला कोड, त्यावर दुसऱ्याचं ठिगळ, त्यावर तिसऱ्याचं. टीममधली नवी मुलं म्हणतात, ‘मॅडम, पाडून नवीन बांधू.’ मी म्हणते, आधी महिनाभर नुसतं मोजा. त्या विचित्र ओळी तिथे का आहेत ते शोधा. बहुतेक कोणीतरी चारच्या जागी सहा पायऱ्या केलेल्या असतात. आणि मीटिंगमध्ये ‘अजून दोन आठवडे लागतील’ हे वाक्य उच्चारायला मला आजही धीर गोळा करावा लागतो.

घाईची किंमत पुणेकरांना वेगळी सांगायला नको. पानशेतचं मातीचं धरण पुरतं पक्कं व्हायच्या आत त्यात पाणी साठलं आणि पहिल्याच पावसाळ्यात, १२ जुलै १९६१ ला, ते फुटलं. आपल्यापैकी कितीतरी घरांत त्या दिवसाच्या आठवणी आहेत.

हे आज इथे बोलायचं कारण म्हणजे आपल्यातल्या निम्म्या जणांच्या घरी आठवी ते बारावीतली मुलं आहेत. एक मजला झाला की लगेच दुसरा. शाळा, क्लास, टेस्ट सिरीज, मग परत क्लास. माझ्या घरीही हेच चाललंय, आणि रात्री साडेनऊला दप्तर टाकून झोपलेल्या मुलाकडे पाहताना वाटतं, याची माती बसायला आपण वेळ ठेवलाय का?

सर, बाई, तुम्ही तो आम्हाला दिलात. आपल्या भाषेत गणित डोक्यात बसतं, अक्षराला हात बसतो. बसायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत होतं. एखाद्याला नाही समजलं, तर पुढचा धडा दुसऱ्या दिवसावर ढकलायचात आणि पोर्शन मागे पडल्याची बोलणी मुकाट्याने ऐकून घ्यायचात. आमच्यातलं कोणीच पूर्ण सरळ निघालं नाही, ते तर समोर दिसतंच आहे! पण उभे आहोत.